रिकाम्या खुर्चीपुढून

“पाणी उकळत ठेव, फुआतिनो. आणि खिडकीपाशी उभी राहू नकोस.”

थोरल्या जाऊबाईंनी हे सांगितलं त्याला सहा वर्षं झाली. जाऊबाई गेल्या, आवाज राहिला. भांडी घासताना, बसची वाट पाहताना, चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसलेली असताना तो कानाशी येतो आणि मी जिथे असेन तिथे एक पाऊल मागे सरते. आज रोवेनाच्या खोलीतही तेच झालं. रोवेना माझी समुपदेशक. वयानं माझ्या भाचीएवढी, पायांत जाड लोकरी मोजे, बूट दाराशी काढून ठेवलेले. बूट काढते म्हणून पहिल्या दिवशी ती मला बरी वाटली होती. आज तिनं भिंतीकडेची एक लाकडी खुर्ची उचलली, खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाली, “तुम्हाला ज्या कुणाचा राग आलाय त्याला इथे बसवा. समोर आहे असं धरा. आणि जे बोलायचं राहून गेलं ते त्याला सांगा.” मी मागे सरले. मग तिला वाईट वाटू नये म्हणून खुर्चीकडे पाहत राहिले. सेफोला बसवून पाहिलं. सेफो म्हणजे अपघातातली गाडी चालवणारा मुलगा, ज्याच्या शेजारच्या सीटवर माझा मुलगा फिलेमोनि बसला होता. सेफो बसेना. मग थोरल्या भावजींना बसवलं, माझ्या नवऱ्याचे भाऊ, आमच्या घराण्याचे प्रमुख, जे बोलल्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. तेही बसेनात. खुर्चीत चेहराच येईना. खाली, खुर्चीच्या पायांपाशी, नुसती पावलं आली. ओल्या गवतातली दोन बायकी पावलं, उजव्या टाचेला चिकटपट्टी लावलेली. “मला जायचंय,” मी म्हटलं. “जा ना,” रोवेना म्हणाली, “मी अडवत नाही.” दार खुर्चीच्या पलीकडे होतं. मी पिशवी उचलली, आणि त्या रिकाम्या खुर्चीपुढून जाताना कमरेत वाकले, उजवा हात जमिनीकडे सोडला आणि म्हणाले, “तुलोउ.”

बसलेल्या माणसापुढून ताठ जायचं नाही, हे आमच्यात, समुद्रापलीकडच्या बेटांवरून इथे आलेल्यांत, मूल चालायला शिकतं तेव्हाच शिकतं. वाकायचं, तुलोउ म्हणायचं. तुमच्यापुढून जाते आहे, राग नसावा. एकावन्न वर्षं मी वाकत आले, चर्चमध्ये, लग्नांत, मयताला, मी काम करते त्या वृद्धाश्रमात टीव्ही बघत बसलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांपुढूनसुद्धा. ते म्हणतात, बाईची कंबर धरलीय. पण रिकाम्या खुर्चीपुढे मी कधी वाकले नव्हते. रोवेनानं ते पाहिलं. ती हसली नाही, वहीत काही लिहिलं नाही. फक्त विचारलं, “कुणाला?” मी बूट हातात घेऊन जिना उतरले आणि बसथांब्यावर येऊन मग पायांत घातले.

राग आला होता. मला राग येतो तेव्हा आवाज आणखी खाली जातो. लोकांना वाटतं, किती शांत बाई. तीन आठवड्यांपूर्वी वृद्धाश्रमात सकाळच्या चहाची मांडामांड करत होते, बारा कप, बारा बशा, साखरेचं भांडं, दुधाचं भांडं, आणि काहीही न बोलता मी टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. सगळं एकाच वेळी खाली आलं. मिस्टर पार्सन्स, जे कधी कुणाशी बोलत नाहीत, म्हणाले, “वा.” मी वाकून काचा वेचल्या. मॅनेजरबाईंनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “सहा वेळा समुपदेशनाला जाऊन ये, मग बघू.” काय झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हात सुटला. हात सुटला नव्हता. आदल्या दिवशी, रविवारी, उपासनेनंतरच्या जेवणाला भावजी आमच्याकडे आले होते. अळूची पानं मी नारळाच्या दुधात शिजवली होती. पहिला घास घेतल्यावर भावजी म्हणाले, “सेफोला मुलगा झालाय, कळलं ना. बाप्तिस्मा आहे महिन्याभरात. त्याच्या घरचे येऊन गेले माझ्याकडे. मुलाचं नाव फिलेमोनि ठेवायचं म्हणतायत. मी हो म्हटलं. मान आहे आपल्या घराचा.” मग ते माझ्या नवऱ्याकडे वळले. “काय इसाको?” इसाको जेवत होता. त्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की घास गिळताना हलली, मला आजही सांगता येणार नाही. भावजी मला म्हणाले, “आज मीठ बरोबर पडलंय.” मी आणखी वाढलं.

तो बाप्तिस्मा आता या रविवारी आहे. आज गुरुवार. रविवारी पाळक त्या बाळाच्या कपाळाला पाणी लावतील आणि माझ्या मुलाच्या नावानं त्याला हाक मारतील, आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघेल की फुआतिनो रडते का, आणि मी रडले तर म्हणतील, बघा, किती मोठ्या मनाची. मला मोठं मन नको आहे. मला माझ्या मुलाचं नाव हवं आहे, आणि ते देताना मला कुणीतरी विचारायला हवं होतं. रोज पहाटे पाण्याचा घोट घ्यायच्या आधी मी दोन नावं घेते, पहिलं फिलेमोनिचं, दुसरं सेफोचं. फिले गेल्यावर पाळकांनी चाळीस दिवस हा नेम सांगितला होता. मी सहा वर्षं पाळते आहे. तापात पाळला, जाऊबाईंना पोचवून आले त्या दिवशी पाळला. लोकांना ती श्रद्धा वाटते. श्रद्धा आहेच, देवासमोर खोटं कशाला बोलू. पण दुसरं नाव भातातल्या खड्यासारखं दाताखाली येतं आणि मी ते रोज चावते. भावजी जेवून गेले त्याच्या दुसऱ्या पहाटे मी पहिलं नाव घेतलं आणि थांबले. हे कुणाचं नाव घेतलं मी? माझ्या फिलेचं, की त्या घरातल्या बाळाचं? त्या दिवशी नेम पहिल्यांदा अर्धा राहिला. पाणीही प्यायले नाही. तशीच कामावर गेले आणि टेबलक्लॉथ धरला.

बस आली. मी ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले, जिथून कुणाच्या पुढून जावं लागत नाही. कुणाला, असं विचारते ती. या सहा वर्षांत मला इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी विचारलंय की त्या प्रश्नांचीच एक शाळा भरेल. पहिला ग्रेग, अपघातानंतरच्या सरकारी मदतीतून मिळालेला, तरतरीत, टेबलावर पेन्सिली टोक करून ठेवलेल्या. त्याचं म्हणणं, भावना आभाळातून पडत नाही, ती विचाराच्या मागून येते. विचार तपासा, भावना जागेवर येईल. त्यानं मला एक तक्ता दिला. एका रकान्यात मनात आलेला विचार, दुसऱ्यात त्याच्या बाजूचा पुरावा, तिसऱ्यात विरुद्ध बाजूचा, आणि शेवटी नवा, समतोल विचार. मी आज्ञाधारक बाई. रविवारच्या शाळेत वचनं उतरवायची सवय, तशा सुवाच्य अक्षरात मी तक्ते भरले. विचार: मी त्याला क्षमा केलेली नाही. विरुद्ध पुरावा: चटई उचलली गेली. ग्रेगला ते कळेना. “कसली चटई?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “आमच्या गादीखाली आहे ती.” “अच्छा,” तो म्हणाला, “झोप नीट लागत नाही का? पाठ दुखते?” बिचारा. त्याच्या तक्त्यानं मी बसमध्ये बसायला पुन्हा शिकले, हायवेवरून जाताना डोळे उघडे ठेवायला शिकले, ते मी नाकारत नाही. पण पुराव्याच्या रकान्यात मी स्वतः कुठेच नव्हते आणि ते त्याला दिसलं नाही, मलाही दिसलं नाही, आणि समतोल विचार मात्र दर आठवड्याला एक तयार होत होता.

मग एडिथ. हॉस्पिटलनं सुचवलेली पंचाहत्तरीची बाई, घरात मांजर, भिंतीला लागून पलंगासारखा एक कोच. तिथे आडवं व्हायचं, ती डोक्याशी खुर्चीत बसणार, आपण छताकडे बघत मनात येईल ते बोलायचं. आजचा राग आजचा नसतो, तो खालून, बालपणातून कुठूनतरी येतो, तो तिथे जाऊन शोधायचा. माझी अडचण निराळीच होती. वडीलधारी बाई बसलेली असताना तिच्यासमोर मी आडवी कशी होऊ? आणि पाय कुठे करू? चार आठवडे आम्ही दोघी माझ्या पायांबद्दल अतिशय सभ्यपणे भांडलो. एडिथ म्हणाली, “हा तुमच्या मनाचा विरोध आहे.” मी म्हटलं, “आमच्याकडे याला वळण म्हणतात, बाई.” ती हसली, तिचे दात छान होते. शेवटी मी जमिनीवर बसून बोलले, आई, सवाई बेटावरचं घर, बापाचा पट्टा, सगळं. एकदा मी तिला स्वप्न सांगितलं की आमच्या अंगणात चटई पसरलीय आणि चटईखाली काहीतरी हलतंय. ती म्हणाली, “आणि खाली तुम्ही आहात?” मी तिथे पुन्हा गेले नाही. माझं स्वप्न तिनं माझ्याआधी उघडलं होतं. माझ्या वाट्याच्या गोष्टी माझ्याआधी दुसरं कुणी उघडतं, दुसरं कुणी उचलतं, याचा मला इतका संताप आला की परतताना मी दोन थांबे पुढे उतरले.

शेवटी जाऊबाई म्हणाल्या, आपल्यातल्याच माणसाकडे जा, परक्यांना काय कळतंय. तेव्हा मी आमच्यातल्याच एका समुपदेशकाकडे गेले. त्यानं प्रार्थनेनं सुरुवात केली, माझं गाव विचारलं, नवऱ्याचं घराणं विचारलं, आणि चटईबद्दल त्याला काही समजावावं लागलं नाही. त्याला सगळं माहीत होतं. “चटई उचलली ना, ताई,” तो मऊ आवाजात म्हणाला, “मग आता तुमच्या मनात जे आहे ते सैतानाचं आहे.” मी त्याचे आभार मानले. वाकून निघाले. असं सगळं. एकानं माझा विचार धुऊन वाळत घातला, एकीनं माझं बालपण खणलं, एकानं मला देवाच्या नावानं गप्प बसवलं, आणि वृद्धाश्रमाच्या मदतीच्या फोनवर एक पोरगी होती ती माझंच वाक्य मला परत द्यायची. “तुम्हाला राग आलाय.” हो. “खूप राग आलाय.” हो. “मला ऐकू येतंय की तुम्हाला खूपच राग आलाय.” मी म्हटलं, बाळ, तुझं जेवण झालं का? ही माणसं वाईट नव्हती. प्रत्येकाकडे एक दार होतं आणि ते आपापलं दार धरून उभे होते. पण मी कुठल्या खोलीत आहे हे कुणी विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात होते.

जुलै महिना होता, इथला ऐन हिवाळा, गवतावर दव गोठलेलं. फिलेला अजून पुरलं नव्हतं. हॉस्पिटलनं त्याचा एकच बूट पिशवीत घालून दिला होता आणि तो मी फ्रीजच्या वर ठेवला होता, का ते माहीत नाही. उजाडायच्या सुमाराला अंगणात पावलं वाजली, मग काहीच वाजलं नाही. इसाको पडद्याआडून बघून आला आणि म्हणाला, “आले.” आम्हाला ठाऊक होतं ते येतील. ज्यांच्या हातून माणूस गेलं त्यांच्या घरच्यांनी, प्रमुखापासून सगळ्यांनी, गेलेल्याच्या दारात येऊन बसायचं आणि डोक्यावरून आपल्या घरची सगळ्यात मोलाची चटई ओढून घ्यायची. केवड्याच्या पानांच्या दोऱ्यासारख्या पट्ट्यांची, विणायला वर्षं लागतात अशी, कडेला लाल पिसं लावलेली. म्हणायचं काही नाही. आम्ही तुमच्या हाती आहोत, मारा नाहीतर उठवा. याला इफोगा म्हणतात. घरातल्यांनी चटई उचलून ठेवून घेतली की संपलं. त्यानंतर वैर नाही, शब्द नाही, मनात ठेवणंही नाही. हा रिवाज किती लोकांचे प्राण वाचवून गेला ते मला माहीत आहे आणि मी त्याच्याविरुद्ध बोलत नाही. मी फक्त एवढंच सांगते की त्या सकाळी भावजी बाहेरच्या खोलीत पुरुषांशी बोलत होते, किती वेळ बसवायचं, कोण बाहेर जाणार, आणि मी, जिच्या पोटात तो मुलगा नऊ महिने होता, किटलीसमोर उभी होते. जाऊबाई आत आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, पाणी उकळत ठेव, फुआतिनो, आणि खिडकीपाशी उभी राहू नकोस. त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. मला त्रास होऊ नये म्हणून. तीन तास पाणी उकळत होतं. आटलं की मी पुन्हा भरत होते. एकदाच खिडकीपाशी गेले. धुक्यात चटया दिसल्या, माणसं नाहीत; आणि एका चटईच्या कडेखालून दोन पावलं बाहेर आलेली, थंडीनं जांभळी, उजव्या टाचेला चिकटपट्टी. बाईनं नव्या चपला घातल्या असणार आणि त्या चावल्या असणार, माझ्या मनात आलं. मग मी मागे सरले.

भावजींनी चटई उचलली ते मी पाहिलं नाही. हुंदके ऐकले, पुरुषांचे, मग भाषणं ऐकली, दोन्हीकडची, उत्तम भाषणं, आणि मग कुणीतरी हाक मारली, “चहा येऊ दे.” मी ट्रे घेऊन गेले. ते अकरा जण आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, कपडे भिजलेले. आणि मी वाकले. एकेकासमोर वाकले, तुलोउ, तुलोउ, तुमच्यापुढून जाते आहे, राग नसावा. अकरा वेळा. त्यांतला नववा सेफो होता, कपाळाला टाके. वीस वर्षांचा. “थँक यू, काकी,” तो म्हणाला. बशीवर थेंब सांडला नाही. नंतर पाळकीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, काय तिचं ते वागणं, देवदूतासारखं. देवदूत. मी वाकले होते, बाई. वाकलेल्या माणसाला समोरच्याचे फक्त पाय दिसतात.

बसमध्ये हे मनात आलं आणि मी दांडा घट्ट धरला. म्हणून खुर्चीत चेहरा आला नाही. मी ज्या ज्या कुणावर रागावले आहे, त्याच्यापुढून मी वाकून गेले आहे आणि माझ्याजवळ त्यांचे नुसते पाय आहेत. भावजींचे पॉलिश केलेले काळे बूट. सेफोचे ओले मोजे. आणि ती टाच. पायांना काय बोलणार? सहा वर्षं ग्रेगला, एडिथला, देवाला मी पायांबद्दल सांगत होते.

ती टाच मातालेनाची होती. सेफोची आई. मला ते त्याच सकाळी, थोड्या वेळानं कळलं. पुरुष भाषणांनंतर सैल होऊन बोलत होते आणि मी स्वयंपाकघरात कप धूत होते तेव्हा ती उठून आत आली. पाहुण्यानं आत यायचं नसतं, त्यातून तिनं तर नाहीच. लंगडत आली, माझ्या बाजूला उभी राहिली आणि फडकं घेऊन कप पुसायला लागली. आम्ही दोघी एका उंचीच्या आहोत. ती उभी होती म्हणून मला वाकावं लागलं नाही, पण मी बघितलंही नाही, पाण्यातच बघत राहिले. तिनं सहा-सात कप पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुरुषांचं झालं. आपलं राहिलं.” मी पुढचा कप विसळला. “तू एकदा ये माझ्याकडे. एकटी. आज नको, तुला होईल तेव्हा. जे तोंडाला येईल ते बोल मला. मारलंस तरी चालेल. मी डोक्यावरून काही घेणार नाही.” मी म्हटलं, “येईन.” “शब्द दे.” “दिला,” मी म्हटलं आणि शेवटचा कप तिच्या हातात दिला. शब्द द्यायचा आणि विषय मिटवायचा, तशा आवाजात दिला. तिनं तो खरा धरला. सहा वर्षं ती मला काही बोललेली नाही, आठवण केलेली नाही. चर्चमध्ये ती बाहेरच्या टोकाला बसते, आमच्या रांगेच्या मागे, आणि मी तिच्यापुढून वाकून जाते, तुलोउ, आणि ती हळूच म्हणते, “ये कधीतरी.” सगळेच एकमेकांना म्हणतात तसं. कुणाला त्यात काही वाटत नाही.

आणि आता खरं सांगते, कारण आज मी कुणाच्या खोलीत बसलेली नाही. मला राग सेफोचा नाही. तो पोरगा होता, दोन वर्षं तुरुंगात राहिला, आता ट्रकवर माल चढवतो, पाठ वाकलीय त्याची. राग भावजींचा आहे, पण तो जुना आहे, तो लग्नापासूनचा आहे, त्याच्यासोबत मी नांदते. मला राग मातालेनाचा आहे. सेफो तुरुंगातून सुटून आला त्या रविवारी, उपासना सुरू व्हायच्या आधी, तिनं त्याची कॉलर सरळ केली. मागून दोन बोटांनी, सवयीनं, बोलता बोलता, त्याच्याकडे न बघता. मी वळले होते स्तोत्राचं पुस्तक घ्यायला आणि मला ती दोन बोटं दिसली. एवढंच. चार वर्षं झाली त्याला. त्या दोन बोटांसाठी मी तिला किती शाप दिलेत ते देवाला माहीत आहे, कारण मी ते त्याच्यासमोरच दिलेत, दुसरं नाव घेताना. स्तोत्रांमध्येही असा राग आहे, दात पाडण्याचा, घरं ओस पाडण्याचा. पाळक ती पानं उलटून पुढे जातात. मला कुणी तो राग मागितला नव्हता. सगळ्यांना तो माझ्याकडून काढून घ्यायचा होता, तपासून, खणून, झाकून. एका तिनंच मागितला होता. हात पसरून मागितला होता, माझ्या स्वयंपाकघरात, माझंच फडकं हातात घेऊन. आणि मी तिला तो दिला नाही. कदाचित हीच माझी शिक्षा होती तिला, की तिनं वाट बघावी. आणि तिनं बघितली. आता तिच्या घरात बाळ आहे आणि त्याला ती माझ्या मुलाच्या नावानं हाक मारणार, कॉलर सरळ करणार. नाही. विचारायचं होतं तर मला विचारायचं होतं तिनं. मग पुन्हा वाटतं, कुठे विचारणार होती? मी कधी गेले तिच्याकडे?

आमच्या थांब्यावर उतरले तेव्हा तीन वाजले होते. विमानतळ जवळ असल्यामुळे विमानं छपरांवरून खाली येतात, बोलणं थांबवावं लागतं. पण माझ्याबरोबर कुणी नव्हतं, मी चालतच राहिले. घरात आले. फ्रीजच्या वर आता बूट नाही. कुठे गेला ते मी इसाकोला विचारलेलं नाही आणि त्यानं सांगितलेलं नाही. गादी उचलायला दोन माणसं लागतात. मी एकटीनं उचलली, खांद्यावर तोलली आणि खालून चटई ओढली. आमच्यात चटया अशाच ठेवतात, गादीखाली, म्हणजे सपाट राहतात. सहा वर्षं माझ्या वजनाखाली ती सपाट राहिली होती. पिसं थोडी चपटली होती, रंग तसाच. मी तिला एकदाही उलगडून पाहिलं नव्हतं. उलगडली. एका कडेला गवताचं एक पातं विणीत अडकलं होतं, वाळून पिवळं पडलेलं, आमच्याच अंगणातलं. ते मी काढलं नाही. चटई घडी केली आणि दोन्ही हातांवर घेतली.

इसाको मागच्या पायरीवर बसला होता, गुडघ्याला तेल चोळत. गवत कापायच्या आधी तो असाच बसतो. चटई बघून त्याचा हात थांबला.

“कुठे?”

“मातालेनाकडे.”

“दादाला विचारलंस?”

“नाही.”

“परत करायची नसते ती, फुआतिनो. अपमान होतो.”

“परत नाही करत. बरोबर नेते. ती त्या दिवशी हिच्याखाली होती, मी आत होते. हिच्याशिवाय कसं बोलू?”

त्यानं तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. “आणि नावाचं?”

“नको म्हणणार आहे. तिच्या तोंडाकडे बघून. त्यानंतर तिला काय म्हणायचं ते ती म्हणेल, मी ऐकेन. पण आधी मी बोलणार.”

“त्या रविवारी मी जेवत होतो,” इसाको म्हणाला.

“माहीत आहे मला. मीच वाढत होते.”

त्यानं तेलाची बाटली बाजूला ठेवली. मग त्यानं वर पाहिलं, आणि मला वाटलं, याचा चेहराही मी किती दिवसांत नीट पाहिला नाही, म्हातारा झालाय. “मी येऊ?”

“नको. एकटी ये म्हणाली होती.”

“मग काय करू मी? पाणी ठेवू?”

“नको ठेवूस,” मी म्हटलं. “खिडकीत उभा राहा हवं तर.”

शाळेच्या मैदानापलीकडे तिचं घर, हिरव्या पत्र्याचं. दहा मिनिटांची वाट. मी चटई छातीशी धरली, पाठ ताठ ठेवली म्हणजे ती घसरणार नाही, आणि फाटकाची कडी आवाज न करता लावून घेतली.